९/११ चा खटला उभा राहिला नाही, त्याला दोन्ही पक्ष जबाबदार आहेत

खालिद शेख मोहम्मद १ मार्च २००३ रोजी रावळपिंडीत पकडला गेला. ९/११ च्या हल्ल्याचा कट आपणच आखला, हे त्याने स्वतः सांगितलंय. त्या दिवशी २,९७७ माणसं गेली. तेव्हा शाळेत असलेली पोरं आता आपल्या पोरांना शाळेत सोडतायत, आणि त्याच्यावरचा खटला अजून सुरू व्हायचाय. सुनावण्या ढिगाने झाल्या. पण ज्युरीसमोर पुरावा मांडला, निकाल लागला, यातलं काहीही झालेलं नाही.

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा यावरूनच जुंपली. निम्मे भारतात, निम्मे इथे न्यू जर्सी आणि टेक्सासकडे. इथल्यांतही सरळ दोन तट. एक म्हणतो डेमोक्रॅट अतिरेक्यांना पाठीशी घालतात, दुसरा म्हणतो रिपब्लिकनांनी कायदा पायदळी तुडवला. तिथे तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. हा खटला साध्या कोर्टात चालवता आला असता, चालवायलाच हवा होता. तो अडला पक्षीय राजकारणात. रिपब्लिकनांनी लोकांना भीती घातली आणि डेमोक्रॅट त्या भीतीला घाबरले.

साधं कोर्ट म्हणजे फेडरल कोर्ट, लष्करी नव्हे. अतिरेक्यांचे खटले तिथे चालूच शकत नाहीत असं जे सांगितलं जातं ते धादांत खोटं आहे. खालिदचा सख्खा भाचा रमझी युसुफ, १९९३ साली वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्ब फोडणारा. १९९५ मध्ये इस्लामाबादला सापडला, मॅनहॅटनच्या कोर्टात ज्युरीपुढे खटला चालला, जानेवारी १९९८ मध्ये २४० वर्षांची शिक्षा झाली. बुटात स्फोटकं लपवून विमानात बसलेल्या रिचर्ड रीडला बॉस्टनच्या कोर्टाने २००३ मध्ये जन्मठेप दिली. ९/११ च्याच कटातल्या झकेरियस मुसावीला व्हर्जिनियातल्या कोर्टाने २००६ मध्ये. या दोन्ही वेळी अध्यक्ष होते रिपब्लिकन जॉर्ज बुश. तेव्हा यावरून कुठली निवडणूक लढवली गेली नाही.

मग खालिदच का नाही? कारण पकडल्यावर त्याला कोर्टापुढे नेण्याऐवजी सीआयएने परदेशातल्या गुप्त कोठड्यांमध्ये साडेतीन वर्षं डांबून ठेवलं. एकट्या मार्च २००३ मध्ये त्याच्यावर १८३ वेळा वॉटरबोर्डिंग झालं. फळीला बांधायचं, तोंडावर फडकं टाकायचं आणि जीव गुदमरेपर्यंत त्यावर पाणी ओतायचं. सप्टेंबर २००६ मध्ये त्याला ग्वांटानामोला, क्युबातल्या अमेरिकी लष्करी तळावरच्या तुरुंगात, आणलं. त्या माणसाबद्दल मला कणभर दया नाही. पण मारून वदवून घेतलेला जबाब कोर्टात टिकत नाही, हे आपल्याकडे पोलिस ठाण्यासमोरच्या चहावाल्यालाही ठाऊक असतं. सरकारने स्वतःच्या हाताने स्वतःची केस नासवली, आणि ते बुश यांच्या काळात झालं, हे रिपब्लिकन मित्रांनी मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. त्याची फळं अजून भोगतोय. एप्रिल २०२५ मध्ये लष्करी न्यायाधीशाने अम्मार अल-बलुची या सहआरोपीचा कबुलीजबाब छळातून आलेला म्हणून बाद केला. रमझी बिन अल-शिभ हा दुसरा सहआरोपी मानसिकदृष्ट्या खटल्याला सामोरा जाण्याच्या अवस्थेत नाही म्हणून २०२३ मध्येच बाजूला काढला गेला.

आता डेमोक्रॅट. ओबामांनी सत्तेवर आल्या आल्या, २२ जानेवारी २००९ ला, ग्वांटानामो वर्षभरात बंद करायचा आदेश काढला. मे महिन्यात सिनेटने त्यासाठीचा पैसा ९० विरुद्ध ६ मतांनी नाकारला. आणि त्या सिनेटमध्ये बहुमत होतं ओबामांच्याच पक्षाचं! तरीही १३ नोव्हेंबर २००९ ला ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी हिंमत केली आणि जाहीर केलं की खालिदसह पाचही आरोपींवर मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात खटला चालेल. टॉवर कोसळले तिथून ते कोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो. जिथे माणसं मारलीस तिथेच, त्या शहरातल्या बारा सामान्य माणसांपुढे उभा राहा आणि उत्तर दे.

न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी आधी स्वागत केलं. मग पोलिस बंदोबस्ताचा अंदाज आला, वर्षाला २० कोटी डॉलरच्या वर, आणि जानेवारीत तेही फिरले. न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट पुढारी एकेक करून मागे सरले. मधल्या काळात, नाताळच्या दिवशी, डेट्रॉइटला उतरणाऱ्या विमानात एका नायजेरियन तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेला बॉम्ब उडवायचा प्रयत्न केला. पोलिसांपुढे गप्प बसण्याचा हक्क तुला आहे, असं त्याला रीतसर सांगितलं म्हणून गदारोळ झाला. (त्याच साध्या कोर्टात त्याला २०१२ मध्ये जन्मठेप झाली. ओरडणाऱ्यांपैकी किती जणांना हे आठवतं?) आणि जानेवारी २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये, डेमोक्रॅटांच्या बालेकिल्ल्यात, टेड केनेडींची सिनेटमधली जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांनी जिंकली. करदात्यांचा पैसा अतिरेक्यांना रोखणाऱ्या शस्त्रांवर खर्च व्हावा, त्यांच्या वकिलांवर नको, हे त्यांनी ठासून सांगितलं होतं. ते लोकांना भावलं, आणि मग बाकीच्यांनीही तीच री ओढली.

त्याच वर्षी अहमद गैलानीचा निकाल लागला. १९९८ च्या केनिया-टांझानिया दूतावास स्फोटांतला आरोपी. ग्वांटानामोतून साध्या कोर्टात आणून खटला चालवलेला हा एकमेव माणूस. एक महत्त्वाचा साक्षीदार कोर्टाने बाद केला, कारण त्याचं नाव आरोपीवर जबरदस्ती करून मिळवलं होतं. ज्युरीने २८० हून अधिक आरोपांपैकी एकच सिद्ध धरला. रिपब्लिकन म्हणाले, बघा, थोडक्यात सुटला असता. पण त्या एका आरोपावर त्याला जन्मठेप झाली. लष्करी कोर्टाने याहून जास्त काय केलं असतं? तरी ती संधी साधून काँग्रेसने संरक्षण विधेयकात कलम घातलं की ग्वांटानामोतल्या कोणालाही अमेरिकेत आणायला, अगदी खटल्यासाठीसुद्धा, पैसा मिळणार नाही. जानेवारी २०११ मध्ये ओबामांनी नाराजी नोंदवून सही केली. एप्रिलमध्ये होल्डर यांनी हात टेकले आणि केस परत ग्वांटानामोच्या मिलिटरी कमिशनकडे, म्हणजे लष्करी कोर्टाकडे गेली.

तिथलं कोर्ट कसं आहे? आमच्या इथे एक बाई राहतात, त्यांचा भाऊ त्या दिवशी टॉवरमध्ये होता. मृतांच्या नातेवाइकांची नावं सोडत काढून निवडतात आणि लष्कराच्या व्यवस्थेने क्युबाला नेतात. त्या जाऊन आल्या. प्रेक्षकांची खोली जाड काचेच्या अलीकडे. आतलं सगळं दिसतं, पण आवाज ४० सेकंद उशिरा येतो. उठून बोलणारा वकील खाली बसलेला असतो तेव्हा त्याचं वाक्य कानावर पडतं. गोपनीय काही निघालं की लाल दिवा लागतो आणि आवाज बंद. आरोपी आपापसात बोलत होते, एक जण हसला, तेवढं त्यांना दिसलं. मला म्हणाल्या, "इतक्या लांब जाऊन मी मूकपट बघून आले." जानेवारी २०१३ मध्ये तर कोर्टाचा आवाज बाहेरून कोणीतरी तोडला आणि ते न्यायाधीश जेम्स पोल यांनाही माहीत नव्हतं. आपल्याच कोर्टाचं बटण दुसऱ्याच्या हातात आहे हे न्यायाधीशाला भर सुनावणीत कळावं, याला मी न्यायालय म्हणायला तयार नाही.

आता आर्थर रोड. ग्रुपवरच्या भारतातल्या मित्रांसाठी हे मुद्दाम लिहितेय, कारण "अतिरेक्याला कसला आलाय खटला" हे त्यांचंही पालुपद आहे. २६/११ ला आपली १६६ माणसं गेली. तीन महिन्यांच्या आत, २५ फेब्रुवारी २००९ ला, अकरा हजारांहून जास्त पानांचं आरोपपत्र दाखल झालं. तुरुंगाच्या आवारात खास कोर्ट उभं केलं. कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं वकिलांच्या संघटनांनी ठरवलं होतं, ज्या वकील बाईंची नेमणूक झाली त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. तरी कोर्टाने त्याला वकील दिलाच, आधी अब्बास काझमी, मग के. पी. पवार. सीएसटीवर पायात गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबडी घेऊन कोर्टात आली आणि तिने त्याला ओळखलं. ३ मे २०१० ला न्या. ताहिलियानी यांनी दोषी ठरवलं, तीन दिवसांनी फाशी सुनावली. हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज, सगळ्या पायऱ्या झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. हल्ल्यापासून चार वर्षांच्या आत.

आणि ३ मे च्या त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोघं सहआरोपी पुराव्याअभावी सुटले. सुप्रीम कोर्टातही ती सुटका कायम राहिली. देश पेटलेला असताना, बाहेर लोक सगळ्यांना लटकवा म्हणत असताना, एका न्यायाधीशाने पुरावा तोलला. मला त्या खटल्याचा अभिमान फाशीपेक्षा या दोन सुटकांमुळे जास्त वाटतो.

त्या खटल्यातलं सगळंच मला पटलेलं नाही. कसाब तुरुंगात बिर्याणी मागतो ही गोष्ट आपणच रचली होती, हे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतः सांगितलं. सरकारी वकिलाने असं करू नये, कारण कितीही चांगलं असलं तरी. आजही लोकांना त्या खटल्यातलं बाकी काही आठवत नाही, बिर्याणी तेवढी आठवते. शिवाय कसाब रंगेहाथ सापडला होता, हातात बंदूक घेतलेला त्याचा फोटो जगाने पाहिला होता. खालिदची केस त्यामानाने किचकट आहे, मान्य. पण इतकी वर्षं लागण्याइतकी नाही. रमझी युसुफचाही असा रंगेहाथ फोटो कोणाकडे नव्हता.

साध्या कोर्टावर माझा आंधळा विश्वास आहे असंही कोणी समजू नये. शिकागोच्या साध्या कोर्टानेच २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीशी सौदा मान्य केला. गुन्हा कबूल, बदल्यात फाशी नाही आणि भारताच्या ताब्यात देणं नाही. २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा. मुंबईकर म्हणून ते मला आजही सलतं. त्याच शिकागोत २०११ मध्ये ज्युरीने त्याचा साथीदार तहव्वूर राणा याला मुंबईच्या आरोपातून सोडलं होतं. पण त्या निकालांवर मी बोलू तरी शकते, कारण साक्ष उघड्यावर झाली. हेडली २०१६ मध्ये मुंबईच्या कोर्टापुढे व्हिडिओवरून बोलला, राणा एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. धागा पुढे तरी सरकला.

यात सगळ्यात मोलाची साक्ष खुद्द ट्रम्प यांची आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅनहॅटनच्या सायकल मार्गावर एकाने ट्रक घालून आठ जणांना मारलं. ट्रम्प आधी म्हणाले, त्याला ग्वांटानामोला पाठवायचा विचार करू. लगेच दुसऱ्या दिवशी ट्विट केलं की पाठवायला आवडलं असतं, पण आकडे बघता तिथे फेडरल कोर्टापेक्षा खूप जास्त वेळ जातो. जे होल्डर २००९ पासून सांगत होते तेच. त्या माणसाला मॅनहॅटनच्याच कोर्टाने २०२३ मध्ये जन्मठेप दिली.

३१ जुलै २०२४ ला खालिद आणि इतर दोघांशी तडजोड झाल्याची बातमी आली, गुन्हा कबूल आणि फाशीऐवजी जन्मठेप. नातेवाइकांमध्ये दोन मतं होती. कोणी सुटकेचा श्वास सोडला, कोणी संतापलं. दोन्ही मला समजतात. पण रिपब्लिकनांनी बायडन यांच्यावर तोफ डागली, निवडणूक तीन महिन्यांवर होती, आणि दोन दिवसांत बायडन यांचेच संरक्षणमंत्री ऑस्टिन यांनी करार रद्द केला. लोकांना खटला बघायला मिळाला पाहिजे, हे कारण दिलं. कुठला खटला? जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानेही २ विरुद्ध १ मतांनी करार मोडीतच काढला. म्हणजे कबुलीही नाही आणि खटलाही नाही.

हे जुनं प्रकरण आता कशाला, असं ग्रुपवर एकाने विचारलं. कारण गुन्ह्याला युद्ध म्हटलं की कोर्ट टाळता येतं, ही सवय तेव्हापासून लागलीय. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकी लष्कर कॅरिबियन समुद्रात अमली पदार्थांच्या म्हणून बोटी उडवायला लागलं. पहिल्याच हल्ल्यात ११ जण मारल्याचं ट्रम्प यांनी सांगितलं. कोस्ट गार्ड वर्षानुवर्षं अशा बोटी अडवून माणसांना कोर्टात उभं करत आलंय. ऑक्टोबरमध्ये एका हल्ल्यातून दोघं जिवंत हाती लागले. त्यांच्यावर अमेरिकेत खटला भरला नाही, एकाला इक्वेडोरला आणि एकाला कोलंबियाला परत पाठवलं. बोटीवर असताना ठार मारण्याइतके दोषी होते, तर कोर्टात दाखवायला पुरावा का नव्हता?

इथे मतदान करणाऱ्या माझ्या मराठी मित्रमैत्रिणींना, तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, एक विनंती. ग्वांटानामोतून कोणालाही खटल्यासाठी अमेरिकेत आणायला बंदी घालणारं ते कलम संरक्षण विधेयकात वर्षामागून वर्ष पुन्हा घातलं जातंय. आपल्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करा, ते कलम काढायच्या बाजूने मत देणार का ते विचारा, आणि उत्तर लेखी मागा. मी माझ्या प्रतिनिधीला पत्र पाठवलंय. मजकूर हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.