‘वय झालं, हातपाय हलणारच’: हा संदेश चुकीचा आहे

सध्या फिरणाऱ्या एका संदेशात म्हटलंय, की म्हातारपणी हात, मान किंवा तोंड आपोआप हलू लागलं तर ते वयामुळेच. फार तर कंपवात (पार्किन्सन) असेल. आणि एमआरआय नॉर्मल आला की पुढे शोधाशोध करू नये.

वयामुळेच? वयाबरोबर धोका वाढतो, पण वय हे निदान नव्हे. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तरी हात थरथरतात, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं.

दुसरा मुद्दा कंपवाताचा. कंपवातात हात मांडीवर निवांत असताना थरथरतो. सुरुवात बहुधा एका बाजूने होते, हालचाली मंदावतात. कप उचलताना किंवा सही करताना दोन्ही हात कापत असतील, तर इसेन्शियल ट्रेमरची, म्हणजे काम करताना हात कापण्याच्या वेगळ्या आजाराची शक्यता जास्त, आणि तो कंपवातापेक्षा अधिक लोकांना असतो. शिवाय प्रत्येक हालचाल म्हणजे कंप नव्हे. शरीराच्या एकाच बाजूचे हातपाय नाचल्यासारखे हलू लागले, तर रक्तातली साखर खूप वाढलेली असू शकते. ती ताब्यात आली की बऱ्याच जणांच्या हालचाली ओसरतात. हेच अचानक सुरू झालं तर पक्षाघातही असू शकतो. तेव्हा थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

एमआरआयबद्दलचं विधान मला सर्वांत घातक वाटतं. खुद्द कंपवातातही नेहमीचा एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो! खरा धागा अनेकदा औषधांच्या पिशवीत सापडतो. मळमळीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, पोटासाठीचं लेव्होसल्पिराइड, चक्करेसाठीचं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन: ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या रसायनाचं काम अडवतात. त्यातून हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येतात, किंवा ओठ-जीभ सतत चाळवत राहतात. वयस्कर स्त्रियांना हा धोका अधिक. चार दिवसांसाठी लिहिलेली गोळी वर्षभर चालू राहते आणि कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, मनोविकारासाठीचं लिथियम आणि दम्याच्या सॅल्ब्युटामॉलनेही हात कापतात. मूत्रपिंड कमजोर असताना नसांच्या दुखण्यासाठीचं गॅबापेंटिन शरीरात साठलं, तर हातापायांना अचानक हिसके बसू शकतात.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं न्या, काउंटरवरून आणलेलीही. प्रत्येक औषध कधी सुरू झालं आणि हालचाल कधी, ते लिहा, मोबाइलवर व्हिडिओ काढा. संशय आला तरी गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, कारण काही औषधं अचानक थांबवली की त्रास उलट वाढतो.