व्हिसाचा कागद आणि कोटोरची बस

आमच्या नात्यागोत्याच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: युरोपसाठीचा प्रवास विमा म्हणजे नुसता व्हिसाचा कागद, 30,000 युरोची सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढा आणि विसरा; तिकडे उपचार फुकटच असतात; बीपी-शुगर लिहू नका, प्रीमियम वाढतो; क्रेडिट कार्डावर विमा असतोच; आणि समुद्रकिनारी जाऊन होणार तरी काय? सोलापुरातल्या होटगी रोडचे आमचे मामा-मामी जूनमध्ये क्रोएशियाला निघालेत. मामांनी त्या मेसेजखाली टाळ्यांचे तीन हात टाकले, म्हणून हे लिहायला बसलो.

'नुसता व्हिसाचा कागद' हे व्हिसा देणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर खरंच आहे. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. त्याच्या 2009च्या व्हिसा संहितेत किमान 30,000 युरोची, म्हणजे साधारण 30 लाख रुपयांची अट आहे. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय, मायदेशी परत पाठवणं आणि मृत्यू, एवढंच येतं. पाहुणा आजारी पडला तर बिल यजमानाच्या गळ्यात पडू नये, ही त्यांची काळजी. तुमची हरवलेली बॅग किंवा बुडालेलं हॉटेलचं बुकिंग त्यांच्या हिशेबात कुठून येणार? ते तुम्ही बघायचं.

आणि किनाऱ्याची सहल असेल तर आधी नकाशा बघायचा. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकहून कोटोरला एका दिवसात जाऊन येणाऱ्या बस असतात. मामांनी ती बुक केलीय. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, युरोही त्याच दिवसापासून. कोटोर मात्र मॉन्टेनेग्रोत. तो देश शेंगेनमध्ये नाही, युरोपीय संघातही नाही, पण चलन युरोच. त्यामुळे देश बदलला हे खिशाला कळतच नाही. पॉलिसीवर व्याप्ती 'फक्त शेंगेन' असेल तर कोटोरच्या फरशीवर पाय घसरल्यास तो कागद तिथे चालत नाही. ग्रीसच्या कोर्फूहून बोटीने अल्बानियातलं सारांदा, ऱ्होड्सहून तुर्कस्तानातलं मार्मारिस, सगळीकडे हीच गत. शिवाय व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर संध्याकाळी परत आत येताना सीमेवरच अडकाल. तिथे विमा काय करणार?

'उपचार फुकट' हे तिथल्या रहिवाशांचं झालं. ते कर आणि वर्गणी भरतात, त्यांना युरोपीय आरोग्य कार्ड मिळतं. सोलापूरच्या आधार कार्डावर ते मिळत नाही. 112 ला फोन केला तर मदत येईल, पण बिल तुमच्या नावाने निघू शकतं. त्यात छोट्या ग्रीक बेटांवर मोठं रुग्णालय नसतं. गंभीर रुग्णाला बोटीने किंवा हेलिकॉप्टरने मोठ्या शहरात हलवतात. म्हणून पॉलिसीत बॅगेच्या रकमेआधी रुग्ण हलवण्याची आणि मायदेशी आणण्याची रक्कम वाचा. आणि एक: आधी कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन, मग भरती. ग्रीक लिपीतली बिलं घेऊन घरी आल्यावर क्लेम करत बसणं सोपं नाही.

बीपी-शुगर लपवण्याचा सल्ला या मेसेजमधला सगळ्यात वाईट. लपणार कुठे? छातीत दुखतंय म्हणून नेलं की डॉक्टरचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि तेव्हा माणूस खरंच सांगतो: 'आठ वर्षांपासून गोळी चालू आहे.' ते भरतीच्या कागदावर लिहिलं जातं आणि तोच कागद क्लेमला जोडला जातो. जुन्या आजारात बहुतेक पॉलिसी तशाही जीवघेण्या प्रसंगापुरतंच देतात. लपवलं तर तेही जायची भीती. साठीच्या पुढच्यांनी आणखी एक पान उलटावं. वर मोठ्या अक्षरात 50,000 डॉलर छापलेले असतात आणि आत खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळ्या छोट्या मर्यादा असू शकतात.

कार्डावरच्या विम्याबद्दल फार लिहीत नाही. तो बहुधा अपघाती मृत्यू आणि सामानापुरता असतो, त्यातही अटी. व्हिसासाठी तुमचं नाव, तारखा आणि रक्कम असलेलं प्रमाणपत्र लागतं.

'किनारी काय होतंय?' 2023च्या जुलैत ऱ्होड्सवर वणवा पेटला आणि हजारो पर्यटकांना हॉटेलं सोडावी लागली. अशी बातमी आल्यावर पॉलिसी काढली तर 'आधीच माहीत असलेली घटना' म्हणून ती बाजूला पडते. त्यामुळे तिकीट काढल्याबरोबर विमा काढलेला बरा. पण वणवा लांबची गोष्ट. आपल्या लोकांचा खरा धोका भाड्याची स्कूटर. एमएच 13 वर वीस वर्षं गाडी चालवली म्हणून आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना न घेता बेटावर स्कूटर काढली, तर अपघातानंतर कंपनी पहिल्यांदा लायसन्स मागते. दारू प्यायलेली असली तर विषयच संपला. जेट-स्की आणि स्कूबा साहसी खेळांत मोडतात. जोडून घेतलं नसेल तर कव्हर नाही.

महाग पॉलिसी नको, हे मेसेजचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे: विमान उशिरा आलं की मिळणाऱ्या पैशासाठी ती घेऊ नका. युरोपीय संघातून उडणारं विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि चूक कंपनीची असेल, तर 261/2004 या नियमाने 250 ते 600 युरो विमान कंपनीच देते.

रविवारी मामांकडे गेलो होतो. शेंगाचटणी-भाकरी झाल्यावर त्यांनी मोबाइलवर पॉलिसी उघडली. दोन बोटांनी मोठं करत करत व्याप्तीच्या रकान्यापर्यंत पोचलो. शेंगेन, बास. मामांनी तिथल्या तिथे एजंटला फोन लावला, स्पीकरवर.

"काका, कोटोर म्हणजे क्रोएशियातच येतंय की," तो म्हणाला.

मामींनी तोवर नकाशा उघडला होता.