रिपोर्ट नॉर्मल, ठणका मात्र तसाच

वीर्यातलं इंटरल्युकिन-८ (दाह झाला की वाढणारं एक प्रथिन) मोजलं की जुनाट प्रोस्टेटायटिसचं, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या जुनाट दुखण्याचं, निदान सोपं होईल, हे एका लेखातलं म्हणणं मला पटत नाही. सहा वर्षं हे दुखणं सोसलंय. अर्धा तास खुर्चीत बसलो की वृषणांच्या मागे, गुदद्वाराच्या अलीकडे ठणका सुरू व्हायचा आणि रिपोर्ट दर वेळी नॉर्मल. या आजाराच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात आमच्यासारख्यांसाठी ३-बी हा गट आहेच: वेदना आहे, पण प्रोस्टेटच्या स्रावात पांढऱ्या पेशी (दाहाची दुसरी खूण) वाढलेल्या नाहीत. उलट कसलाही त्रास नसलेल्या पुरुषांतही त्या सापडतात. पेशी किती आणि दुखतं किती, याचा मेळच बसत नाही. मग नुसत्या आकड्यावर निदान कसं करणार? पेशी दिसल्या नाहीत म्हणून एका डॉक्टरांनी मला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवलं होतं, ते अजून बोचतं.

अशा मार्करवर, म्हणजे आजार दाखवणाऱ्या खुणांवर, संशोधन जरूर व्हावं, अँटिबायोटिकचे उगाचचे कोर्स टळले तर फारच बरं. पण आधी ० ते ४३ गुणांची लक्षणांची प्रश्नावली भरून घ्या, लघवीचं कल्चर करा आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बोटाने दाबून बघा. माझा ठणका शेवटी त्याच स्नायूंच्या फिजिओथेरपीने उतरला.