वासालु ए सिल्वाने गोवा 'सोपवला' नव्हता

डिसेंबर आला की तो मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. त्यातलं सार असं, की गोव्याचा शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर मान्युएल आंतोनियु वासालु ए सिल्वा याचं गोव्यावर फार प्रेम, म्हणून त्याने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम धाब्यावर बसवला, एकही गोळी न झाडता गोवा भारताला सोपवला आणि त्याची शिक्षा म्हणून पोर्तुगालने त्याला मरेपर्यंत जेलमध्ये सडवलं. वाचून लोक भावुक होतात, हात जोडतात आणि पुढे ढकलतात. यात थोडं खरं आहे म्हणूनच बाकीचं खपून जातं.

खरं काय ते आधी. हा माणूस मिलिटरी इंजिनियर, १९५८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून गोव्यात आला. १४ डिसेंबर १९६१ ला सालाझारचा निरोप आला की तह नाही, युद्धकैदी नाहीत, सैनिक एकतर जिंकलेले पाहिजेत नाहीतर मेलेले. आठ दिवस तरी तग धरा म्हणजे तेवढ्यात युनोत काहीतरी हलवता येईल असा हिशोब. हा हुकूम त्याने शेवटपर्यंत पाळला नाही, बरोबर. त्याच्याकडे साडेतीन हजारांच्या आत-बाहेर सैनिक, लढाऊ विमान एकही नाही, समोर त्याच्या कितीतरी पट भारतीय फौज. शेवटच्या संध्याकाळी त्याने माणसं मरू दिली नाहीत, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं आणि मी देतो.

पण "एकही गोळी न झाडता"? हे वाचलं की खरंच चीड येते. १८ तारखेला भारतीय फौज आत शिरली, त्या दुपारी बाणस्तारीचा पूल पोर्तुगीजांनी उडवला, बाकीचेही पूल उडवले, हे सगळं ठरलेल्या प्लॅनप्रमाणे, मागे सरकत सरकत मुरगावपर्यंत जायचं आणि तिथे तग धरायचा. म्हणजे पहिल्या दिवशी गव्हर्नर हुकूम झुगारत नव्हता, पाळतच होता. अंजदीव बेटावर उतरताना आपले सात नौसैनिक गेले. मुरगावच्या समुद्रात 'आफोन्सो द आल्बुकर्क' ही त्यांची एकमेव मोठी युद्धनौका आपल्या 'बेतवा' आणि 'बिआस' या युद्धनौकांशी लढली, तिचा कॅप्टन जबर जखमी झाला, शेवटी ती किनाऱ्याला लावावी लागली. दीवला तर त्यांची 'वेगा' नावाची छोटी गस्तीनौका आपल्या विमानांच्या माऱ्यात बुडाली, तिचा कमांडर त्यात मेला.

आणि आग्वाद. तिथल्या किल्ल्यात राजकीय कैदी होते, त्यांना सोडवायला मेजर शिवदेव सिंग सिधू रात्री तुकडी घेऊन गेले. आतल्या पोर्तुगीज सैनिकांपर्यंत लढाई थांबवायचा निरोप पोचलाच नव्हता, त्यांनी फायरिंग केलं. सिधू आणि कॅप्टन विनोद सेहगल दोघेही तिथे गेले. कैद्यांना सोडवायला गेलेली माणसं ही! त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या मेसेज लिहिणाऱ्याने कुठल्या हिशोबात धरल्या? सगळं मिळून भारताचे अधिकृत आकड्याप्रमाणे २२ जण गेले, त्यांचे तीसच्या आसपास.

"सोपवला" हा मुद्दा तर साफ चूक. १९ तारखेला सकाळीच पॅरा ब्रिगेड बेतीहून मांडवी ओलांडून पणजीत शिरली होती. गव्हर्नर तेव्हा पणजीत नव्हताच, वास्कोकडे होता. चारी बाजूंनी कोंडी झाल्यावर रात्री साडेआठच्या सुमाराला गाड्यांच्या हेडलाइटच्या उजेडात त्याने ब्रिगेडियर ढिल्लन यांच्यासमोर बिनशर्त शरणागतीवर सही केली. ही सही सैन्याच्या शरणागतीची. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४ ला, तेही लिस्बनमध्ये क्रांती होऊन ती राजवट पडल्यावर.

प्रेमाचं म्हणाल तर माणसाच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही, कारभार काय होता ते दिसतं. त्याच्याच काळात नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीववरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. त्याच्याच काळात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई जंगलात लपून गोवा मुक्तीचा रेडिओ चालवत होते, कारण गोव्यात राहून तोंड उघडायची सोय नव्हती. उलट दुसऱ्या बाजूचे लोक कमेंटमध्ये १९५५ चा पत्रादेवीचा सत्याग्रहींवरचा गोळीबार त्याच्या नावावर टाकतात, तेही खोटं आहे. हिरवे गुरुजी आणि कर्नेल सिंग हे सत्याग्रही तिथे गेले तेव्हा गव्हर्नर बेनार्द गेदिश होता, हा आलाच तीन वर्षांनी. शिव्या घालायच्या तरी नीट माणसाला घाला.

राहिला जेलचा भाग. मे १९६२ मध्ये हे सगळे युद्धकैदी भारताने परत पाठवले, तिथे त्यांचं स्वागत झालं नाही हे खरं. १९६३ मध्ये वासालु ए सिल्वाला सैन्यातून बडतर्फ केलं, अपमान झाला, आणि १९७४ च्या क्रांतीनंतर हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये तो गोव्यात येऊन गेला, लोकांनी त्याचं चांगलं स्वागत केलं. १९८५ मध्ये वारला. मरेपर्यंत जेल वगैरे काही नाही.

पोर्तुगालच्या जेलमध्ये खरंच कोण सडलं ते सांगतो. सांगलीचे मोहन रानडे, गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. आपण त्यांचे हजारो सैनिक सुखरूप घरी पाठवले, तरी रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच. सुधीर फडक्यांसारख्यांनी इथे त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं, तेव्हा कुठे जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. गोवा मुक्त होऊन तोवर सात वर्षं उलटून गेली होती.