टाळ्या वाजवा, पण पावती मागू नका

ब्रिटनमध्ये राहत असाल तर एनएचएसवरून, म्हणजे तिथल्या सरकारी मोफत आरोग्यसेवेवरून, जीव ओवाळून टाका. खर्च काहीच येत नाही. २०२० मध्ये दर गुरुवारी रात्री आठला दारात उभं राहून टाळ्या वाजवल्यात, पातेली बडवलीत. तेवढं पुष्कळ झालं. पुढच्या वर्षी सरकारने परिचारिकांना १ टक्का पगारवाढ सुचवली तेव्हा हळहळलात, तेही झालं. (ओरड झाल्यावर ३ टक्के दिली. टाळ्या वेगळ्या धरल्या नाहीत.)

सर्वेक्षणवाल्याने विचारलं, सेवा मोफतच हवी का? हो म्हणा. समाधानी आहात का? छे! २०१० मध्ये ७० टक्के लोक समाधानी होते, २०२४ मध्ये २१ टक्के. तुम्ही कशाला वेगळं पडता? कर वाढवायचा का, या प्रश्नाला 'श्रीमंतांवर' असं उत्तर द्या. श्रीमंत म्हणजे आपल्यापेक्षा एक पौंड जास्त कमावणारा.

म्हातारपणीच्या देखभालीचा विषय मात्र काढू नका. तीही एनएचएसच करते आणि फुकट करते, असं धरून चाला. आई विसरायला लागते, रात्री उठून पडते, तोवर हा समज छान टिकतो. मोडलेलं हाड फुकट जोडून मिळतं. मग वॉर्डात कोणीतरी हळूच विचारतं, "घरी कोण असतं?" आंघोळ घालायला, जेवण भरवायला माणूस लागणार, आणि ते खातं कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं. कौन्सिल आधी आईचं बँक खातं बघतं. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांच्या वर शिल्लक असली की खर्च तुमचा. केअर होममध्ये कायमचं जायचं असेल आणि मागे नवरा वगैरे राहत नसेल, तर घरही हिशेबात. कॅन्सरच्या उपचाराचं बिल आलं नसतं. स्मृतिभ्रंश निवडला, ही आईचीच चूक.

कोणी तोडगा सुचवला तर त्याला आडवा घ्या. २०१७ च्या निवडणुकीत तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी हा खर्च घराच्या किमतीतून घेण्याचं मांडलं. 'डिमेन्शिया टॅक्स' (स्मृतिभ्रंशावरचा कर) हे नाव चिकटलं आणि चार दिवसांत माघार! मग ज्याच्या त्याच्या खिशातून होणाऱ्या खर्चाला ८६,००० पौंडांची मर्यादा घालायचं ठरलं; पुढे ढकलत ढकलत २०२४ मध्ये तेही रद्द. तुम्हाला पत्ता लागला नसेल तर उत्तमच.

मोर्चा हॉस्पिटल बंद व्हायच्या बातमीसाठी राखून ठेवा. देखभालीला येणाऱ्या बाईंची एजन्सी बंद पडली, तर मुलीला नोकरी सोडायला सांगा. मुलाला नको, त्याची मीटिंग असते.