विंडोलांडाच्या पाट्या नेमक्या कोणाच्या?

माझ्या लिखाणावरची आपली प्रतिक्रिया इतकी मुद्देसूद होती, की नुसते आभार मानून मोकळे होणे मला बरे वाटले नाही. उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या रोमन लष्करी ठाण्यातल्या, शाईने लिहिलेल्या लाकडी पाट्यांवरून ब्रिटानिया या रोमन प्रांताचे दैनंदिन जीवन सांगणे म्हणजे मडमांच्या पत्रांवरून आपल्याकडच्या खेड्याचे वर्णन करणे होय, असा आपला आक्षेप आहे. त्यासाठी आपण इ. स. १०० च्या सुमाराचे, क्लॉडिया सेव्हेराने सुल्पिकिया लेपिडिनाला धाडलेले वाढदिवसाचे निमंत्रण पुढे केले आहे. त्या दोघी अधिकाऱ्यांच्या बायका होत्या हे खरेच; पण १९७३ पासून तेथे शेकडो पाट्या निघाल्या असून, त्यांतल्या या एकीच्या वाट्याला प्रसिद्धी जरा जास्तच आली आहे.

तिच्याऐवजी सेव्हेरस नावाच्या गुलामाचे पत्र पाहावे. ते कॅन्डिडस या दुसऱ्या गुलामाला लिहिलेले आहे. सॅटर्नेलियाच्या सणाच्या खर्चाचे तेवढे मिटवून टाक, आणि भाजीचे मुळे अर्ध्या डिनारियसपेक्षा (डिनारियस हे रोमन चांदीचे नाणे) कमीचे नकोत, एवढाच त्यातला मजकूर. मात्र तेवढ्यातही कॅन्डिडसला दोनदा ‘भावा’ म्हटले आहे. पातळ लाकडी पापुद्र्यावर काजळीच्या शाईने लिहिलेल्या या चार ओळी हवाबंद, ओल्या मातीमुळे टिकल्या. हे पत्र मडमेचे नाही, साहेबाचेही नाही.

शिवाय ठाण्यातले शिपाई म्हणजे रोमहून आलेले साहेब, हे गृहीतकच मला मान्य नाही. ते ऱ्हाइन आणि म्यूज या नद्यांच्या प्रदेशातल्या बटाव्हियन आणि तुंग्रियन टोळ्यांतले होते. त्यांपैकी बटाव्हियनांनी इ. स. ६९ मध्ये खुद्द रोमविरुद्ध बंड केले होते. तुंग्रियन पलटणीच्या एका हजेरीपत्रकात ७५२ जणांपैकी २९६ जणच ठाण्यावर असल्याची नोंद आहे, आणि त्यांतले ३१ कामाला अयोग्य, दहा तर डोळे आल्यामुळे. एका हिशेबात गॅम्बॅक्स नावाच्या शिपायाच्या नावावर दोन डिनारियसचे मिरे आहेत, म्हणजे मलबारचा माल या टोकापर्यंत पोहोचत होता. शिपायांना लग्नाची कायदेशीर परवानगी नसतानाही त्यांच्या बराकींतून बायकांच्या आणि लहान मुलांच्या चामडी चपला निघाल्या आहेत. कायद्याने जे कुटुंब नव्हते, ते तेथे चालत-फिरत होते हे आपल्याला चपलांवरून कळते, पत्रांवरून नव्हे.

आपला मूळ मुद्दा मात्र एका ठिकाणी बिनतोड आहे. आसपासच्या ब्रिटन लोकांचा आवाज या पाट्यांत जवळपास नाही. त्यांच्या लढण्याच्या पद्धतीवर टिपण आहे, तेही हेटाळणीच्या सुरात. आपल्या बाजूने मी आणखी एक पुरावा देतो, आपण तो घेतला नव्हता. छड्यांनी मार खाल्लेल्या एका व्यापाऱ्याचा तक्रारअर्ज तेथे सापडला आहे. आपण समुद्रापलीकडून आलेलो आणि निरपराध असताना आपल्याला मारले, अशी त्याची दाद आहे. ‘समुद्रापलीकडून आलेलो’ हे त्याने मुद्दाम का लिहिले असेल? स्थानिक माणसाला छड्या बसल्या असत्या, तर त्याच्या अर्जाची कोणी दखल घेतली नसती, असे तो धरून चालला होता, असाच माझ्या मते याचा अर्थ होतो.