‘एक्के येईपर्यंत थांबा’ : पोकर टूर्नामेंटच्या एका फॉरवर्डचा हिशेब

दिवाळी जवळ आली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘पोकर टूर्नामेंट पाच मिनिटांत’ छापाचा एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा : तीन पत्ती येते त्याला पोकर आपोआप येतं. एक्का-एक्का, राजा-राजा असं काही भारी येईपर्यंत पॅक करत राहा, बाकीचे आपसात कापले जातील. एकाच कलरची दोन पानं मात्र कधी सोडू नका. बक्षिसाच्या तोंडावर आलात की चांगलं पान दिसताच सगळं लावा, कारण खरा पैसा पहिल्या नंबरालाच. आणि सरावाला मोबाइलवर पन्नास रुपयांच्या स्पर्धा खेळा, कौशल्याचा खेळ असल्याने कायद्याची अडचण नाही.

पहिल्यांदाच खेळायला बसणारा माणूस हे वाचून बसला तर दोन-अडीच तासांत घरी जातो, आणि वर ‘आज पानंच आली नाहीत’ म्हणतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘तीन पत्ती येते त्याला पोकर येतं’

येतो तो आत्मविश्वास, आणि तोच नडतो. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडतात; त्या सातांतली सगळ्यात भारी पाच धरायची. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरवर भारी असतो; पोकरमध्ये उलट, कलर सिक्वेन्सला मारतो. कारण साधं आहे. तीन पानांच्या २२,१०० जुळण्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांच्या २५,९८,९६० जुळण्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, म्हणजे आता कलर दुर्मीळ. तीन पत्तीत सगळ्यात भारी असलेली ट्रेल पोकरमध्ये सिक्वेन्स, कलर, फुल हाउस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) या सगळ्यांच्या खाली बसते. एक्का-दुर्री-तिर्रीचा तीन पत्तीत केवढा मान. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात छोटा सिक्वेन्स.

शब्दही फसवतात. तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ म्हणजे पानं न बघता लावणं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे डीलर बटणाच्या (वाटणारा कोण ते दाखवणाऱ्या, डावागणिक सरकणाऱ्या चकतीच्या) डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधी भरायची सक्तीची रक्कम : पहिला स्मॉल ब्लाइंड, दुसरा बिग ब्लाइंड. साइड शो हा प्रकारच नाही.

मग हाताच्या सवयी. ‘तुझे दोनशे... आणि वर पाचशे’ असं दोन टप्प्यांत बोललात की वरचे पाचशे धरले जात नाहीत, तो नुसता कॉल, म्हणजे आधीच्या रकमेची बरोबरी होते. बिग ब्लाइंड २०० असताना काही न बोलता १,००० ची एकच चिप टाकली तर तोही कॉल, उरलेले ८०० परत. रक्कम वाढवायची तर आधी तोंडाने ‘रेझ’ आणि आकडा, मग चिप्स. शिवाय रेझ आधीच्या वाढीपेक्षा लहान चालत नाही : २०० वर कोणी ६०० केले तर वाढ ४०० ची, म्हणून पुढचा रेझ किमान १,००० चा.

‘भारी पान येईपर्यंत थांबा’

या फॉरवर्डचा कणा हाच, आणि तो कॅश गेममधून, म्हणजे थेट पैशांच्या, हवं तेव्हा उठता येणाऱ्या खेळातून उचललेला आहे. तिथे ब्लाइंड रात्रभर तेवढेच राहतात, म्हणून थांबणं स्वस्त पडतं. टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड दर लेव्हलला, म्हणजे ठरावीक मिनिटांनी चढतात, म्हणून थांबण्याचं भाडं तिथे वाढत जातं.

भाडं मोजून बघू. नऊ जणांचं टेबल, प्रत्येकाकडे १०,००० च्या चिप्स, २० मिनिटांची लेव्हल. हाताने पानं पिसून-वाटून तासाला २५ ते ३० डाव होतात, म्हणजे एका लेव्हलमध्ये साधारण नऊ, टेबलाची एक फेरी. पहिल्या चार लेव्हलचे स्मॉल/बिग ब्लाइंड ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००. पाचवीपासून २००/४००, ३००/६००, ४००/८००, ५००/१,००० आणि बिग ब्लाइंडवाल्यानेच भरायचा तेवढाच अँटी, म्हणजे ब्लाइंडच्या वर आणखी एक सक्तीची रक्कम.

एकही डाव न खेळता प्रत्येक फेरीला जाणारी रक्कम अशी : १५०, २२५, ३००, ४५०, मग १,०००, १,५००, २,०००. सात लेव्हलमध्ये ५,६२५ गेले. दोन तास वीस मिनिटांनी तुमच्यासमोर ४,३७५ उरतात आणि बिग ब्लाइंड १,००० झालेला असतो. साडेचार बिग ब्लाइंडही नाहीत, दोन फेऱ्यांचंसुद्धा आयुष्य नाही. कोणाकडून एक डाव न हरता तुम्ही संपलात.

‘पण तोवर एक्के येतीलच की!’ एक्क्यांची जोडी २२१ डावांतून एकदा येते. एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा इतकं सगळं धरलं तरी १,३२६ पैकी ३४ जुळण्या, म्हणजे ३९ डावांतून एकदा. वरच्या ६३ डावांत यातलं काहीही न येण्याची शक्यता पाचातून एक. आणि आलंच, तरी दोन तास हात न लावलेल्या माणसाने अचानक रेझ केला की शहाणी मंडळी पानं टाकून मोकळी होतात. ४,३७५ वर एक्के आले, कोणी कॉल केला, दुप्पट झाले, तरी जेमतेम दहा बिग ब्लाइंड. एवढी तपश्चर्या करून पुन्हा सुरुवातीच्या आकड्याशीच, फक्त तेव्हा ते शंभर बिग ब्लाइंड होते.

मग काय करायचं? जागा बघून खेळायचं. फ्लॉपनंतर, म्हणजे मधली पहिली तीन पानं उघडल्यावर, प्रत्येक फेरीत बटणावरचा माणूस सगळ्यांचं बघून शेवटी बोलतो, म्हणून तिथून जास्त पानं खेळता येतात. बिग ब्लाइंडनंतरच्या पहिल्या दोन-तीन जागांवरून सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच कलरचे एक्का-गुलाम व राजा-राणी एवढंच ठेवा. हे पंधरा डावांतून एकदा येतं. बटणावर तुमच्यापर्यंत सगळ्यांनी पानं टाकली असतील तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, दश्शी किंवा त्याहून मोठी दोन पानं. हे चारातून एकदा. खेळायचं तर रेझ करून, सव्वादोन ते अडीच बिग ब्लाइंडचा. नुसता कॉल करून स्वस्तात फ्लॉप बघायची सवय तीन पत्तीच्या चालीतून येते आणि चिप्स गळत राहतात.

अँटी सुरू झाला की हिशेब आणखी बदलतो, आणि नवख्यांच्या हे लक्षात येत नाही. २००/४०० ला अँटी नसेल तर मध्ये ६०० असतात. ते उचलायला ९०० चा रेझ केला तर ६० टक्के वेळा सगळ्यांनी पानं टाकायला हवीत, तेव्हा कुठे बरोबरी. ४०० चा अँटी आला की मध्ये १,००० होतात आणि तोच रेझ ४७ टक्क्यांवर सुटतो. पानं तीच, माणसं तीच. पाचव्या लेव्हलला टेबल एकदम जागं होतं ते यामुळे.

‘चिप्स कमी झाल्या तर आणखी जपून’

फॉरवर्डमध्ये हे सरळ लिहिलेलं नाही, पण त्याच सल्ल्याचं हे पोटचं पोर. दहा-बारा बिग ब्लाइंडच्या खाली आलात की दोनच चाली उरतात : सगळं लावा (ऑल-इन) किंवा पानं टाका. छोटा रेझ करून मग घाबरून पानं टाकणं म्हणजे पाव भाग फुकट दान.

समजा तुमच्याकडे ८,०००, ब्लाइंड ५००/१,००० आणि अँटी १,०००. तुम्ही बटणावर, आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली. मध्ये २,५०० आहेत. तुम्ही ऑल-इन केलंत आणि ७० टक्के वेळा दोघांनी पानं टाकली तर सरासरी १,७५० मिळाले. उरलेल्या ३० टक्के वेळा बिग ब्लाइंडने कॉल केला असं धरू. तेव्हा पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, १७,५०० चा. तुमची पानं ४० टक्केच जिंकत असतील तर वाट्याला ७,००० येतात, म्हणजे १,००० चा तोटा. त्याचे ३० टक्के ३००. निव्वळ फायदा १,४५०, तोही मागे असलेल्या पानांवर.

आता तेच ४,००० वर करून बघा. बिग ब्लाइंडला आणखी ३,००० भरून ९,५०० चा पॉट मिळतो. ३२ टक्के जिंकण्याची आशा असली तरी त्याला परवडतं. तो जवळजवळ कशावरही कॉल करणार. घाबरवायची ताकद आठ बिग ब्लाइंडला असते, चारला नसते, म्हणून ती असतानाच वापरायची.

इथे कोणीतरी १९८२ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा दाखला देतंच : जॅक स्ट्रॉसकडे एकच चिप उरली होती आणि तो विजेता झाला. खरं आहे. चाळीस वर्षांनंतरही लोक तीच एक गोष्ट सांगतात, यावरून ती किती वेळा घडते ते समजा.

‘एकाच कलरची पानं सोडू नका’

फ्लॉपवरच कलर लागण्याची शक्यता ०.८४ टक्के, ११९ डावांतून एकदा. पाचही पानं उघडेपर्यंत थांबलात तरी साडेसहा टक्क्यांच्या आत. राजा-सत्ती एकाच कलरची असली तर वेगळ्या कलरच्या राजा-सत्तीपेक्षा दोन ते चार टक्के जास्त जिंकते, बस. फ्लॉपवर चार पानं कलरची झाली तर पुढच्या एका पानावर कलर पुरा होण्याची शक्यता १९ टक्के, दोन्ही पानांवर मिळून ३५. पॉट १,२०० असताना समोरच्याने ६०० लावले तर कॉलला २५ टक्के लागतात. पुढच्याच पानाचा विचार केला तर परवडत नाही.

‘बक्षिसाच्या तोंडावर सगळं लावा’

पहिल्या नंबराला जास्त मिळतं हे बरोबर. त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक.

चौघे उरलेत, बक्षिसं तिघांना : एकूण १०० धरले तर ५०, ३०, २०. चौघांच्या चिप्स सारख्या, म्हणून प्रत्येकाच्या ढिगाची किंमत आत्ता २५. एकाने ऑल-इन केलं, तुम्ही कॉल करून जिंकलात. आता निम्म्या चिप्स तुमच्या. पहिले येण्याची शक्यता ५० टक्के, दुसरे ३३, तिसरे १७. किंमत काढा : २५ अधिक १० अधिक ३.३३, म्हणजे ३८.३३. चिप्स दुप्पट झाल्या, किंमत दीडपट. हरलात तर शून्य. तेव्हा कॉल परवडायला २५ भागिले ३८.३३, म्हणजे ६५ टक्के विजयाची खात्री हवी.

एक्का-राजा बघून हात शिवशिवतात, पण समोर राण्यांची जोडी असेल तर तो ४३ टक्केच जिंकतो. साठ टक्के पुढे असलेलं पानसुद्धा इथे टाकायचं. मात्र हे गणित कॉल करणाऱ्याचं आहे. आधी ऑल-इन करणाऱ्याला समोरचे पानं टाकतील हा फायदा असतो, आणि समोरच्यांनाही हेच ६५ टक्के छळत असतात. म्हणून बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या एक नंबर अलीकडे, मोठा ढीग असलेला रेझ करत सुटतो आणि मधले निमूट पानं टाकतात. त्यात सगळ्यात छोटा ढीग दुसऱ्याच कोणाचा असेल तर मधल्याने त्याच्या आधी मरायचं काहीच कारण नाही.

‘अ‍ॅपवर पन्नास रुपयांत सराव, कायदेशीर आहे’

हा भाग शिळा झालाय. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, त्याच्या आधारावर पोकरची अ‍ॅप्स चालत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत कौशल्य की नशीब हा भेदच काढून टाकला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला नाही, पण परदेशी अ‍ॅपवर अडकलेले पैसे मागायला तो कुठे जाणार?

प्रत्यक्ष टेबलाचं म्हणाल तर महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. अड्डा चालवणारा आणि तिथे सापडणारा, दोघंही त्यात येतात. कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकरच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये : गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवलं. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून पैशांच्या स्पर्धेसाठी मुंबईकर गोव्याच्या परवानाधारक कॅसिनोत जातात. तिथे जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर. हरलेल्या स्पर्धांच्या फिया त्यातून वजा होत नाहीत.

सरावाला पैसे लागतच नाहीत. क्लबहाउसमध्ये दोन टेबलं, अठरा जण, बक्षीस म्हणून एखादी ढाल. प्रत्येकाला २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार आणि १,००० च्या सात चिप्स द्या : बरोबर १०,०००, चिप्स सत्तावीस. अठरा जणांना ४८६ लागतात, म्हणजे ५०० चिप्सचा संच आकड्याने पुरतो. त्यात कुठल्या रंगाच्या किती आहेत ते मात्र आधी मोजून घ्या. चौथ्या लेव्हलनंतर २५ ची चिप निरुपयोगी होते. तेव्हा पाच मिनिटं घड्याळ थांबवून त्या गोळा करा, चारांना १०० ची एक द्या आणि कोणाकडे सुटी एक-दोन-तीन उरली तर त्याला वरची एक देऊन टाका. नऊ जण बाद होऊन एकच टेबल उरत नाही तोवर दोन्ही टेबलांवरची माणसं सारखी करत राहा. फरक दोनाचा झाला की मोठ्या टेबलावरचा, ज्याच्यावर पुढचा बिग ब्लाइंड येणार आहे तो, उठून पलीकडे जातो.